लालबागच्या गिटारचा चिकटा

दुकानाच्या दारात माणूस उभा राहतो, माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या मागे बघतो. मागे भिंत आहे. भिंतीवर पेटीचे दोन जुने सांगाडे आणि सासऱ्यांचा फोटो. सगळं बघून झालं की तो विचारतो, "मिस्त्री कुठे गेलेत?"

सुरुवातीला मी सांगायचे, "मीच मिस्त्री." त्यावर माणूस समजूतदारपणे हसायचा आणि म्हणायचा, "बरं, ते आले की सांगा." पुढे मी शहाणी झाले. "जेवायला गेलेत, काम सांगून ठेवा," असं म्हणायला लागले. काम झालं की तोच माणूस मिस्त्रींचं तोंडभरून कौतुक करायचा आणि मी ते मिस्त्रींना पोचवायचं कबूल करायचे. निम्म्या चिंचपोकळीची अजून समजूत आहे की आमच्या दुकानात एक अतिशय गुणी आणि सतत जेवणारा मिस्त्री आहे.

आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे मी दुकानात आठवड्यातून दोनतीनदाच जाते. घरी बसून लोकांना सल्ले द्यायला लागले, तेव्हा एका दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमचे अनुभव लिहा ना, वेगळं क्षेत्र आहे." माझं क्षेत्र म्हणजे स्टेशनजवळचा एक गाळा. त्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. पण कोणी इतक्या आदराने क्षेत्र म्हणालं तर नाही कसं म्हणायचं?

माझे सासरे पेट्या करायचे. पेट्या म्हणजे बाजाच्या, हार्मोनियम. मूळचे मालवणकडचे सुतार, ठाकूरद्वारला एका पेटीवाल्याच्या हाताखाली शिकले आणि मग चिंचपोकळीत स्वतःचा गाळा घेतला. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बँकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या वाडीत पेढे वाटले. पेढे संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता रंधा धरायला कोणी उरलं नाही. घरात मी होते. लग्न होऊन आलेली, रिकाम्या हातांची. आमच्या ह्यांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही. त्यांनी ठोकला तर भिंत निघते, खिळा राहतो. तेव्हा सासऱ्यांनी मला पॉलिशचं फडकं दिलं. मी घाई केली की म्हणायचे, "लाकडाक घाई कळणा नाय गो." शिकवलं मात्र हातचं काही न राखता. गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत सांगत राहिले, "सून जरा मदत करता." ते 'जरा' मला अजून खुपतं. त्यांच्या हयातीत एकदा तरी भांडून घ्यायला हवं होतं, असं वाटतं.

पेट्या कमी होत गेल्या आणि गिटारी वाढत गेल्या. एकजण मोडकी गिटार घेऊन आला, ती बरी झाली, त्याने दुसऱ्याला सांगितलं. लाकूड ते लाकूडच. मी पेटीवाली आहे हे गिटारला कळत नाही. बघता बघता मी चिकट मानांची डॉक्टर झाले.

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटारला पोट असतं आणि मान असते. मानेच्या पुढच्या अंगाला धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांवरून तारा असतात, त्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या. पण हाताचा खरा प्रवास मागच्या अंगाने होतो. तिथे अंगठा टेकलेला असतो आणि सूर बदलला की अंगठा, तळवा सगळं मानेवरून वरखाली सरकतं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना तर फार वेगाने सरकायचं असतं. कोणी सांगितलंय कोण जाणे, पण असतं. कारखान्यातून येताना ही मान मागून काचेसारखी चकचकीत असते. गिऱ्हाईक त्या चकाकीवरच भाळतं. मग मुंबईची ओली हवा आणि हाताचा घाम. लग्नाच्या पंगतीत टेबलावरच्या प्लास्टिकला कोपर चिकटतं ना, तसा अंगठा मानेला चिकटतो.

उपाय सोपा आहे, फक्त कोणाला पटत नाही. चकाकी घालवायची. आधी पोटावरची, तारांचा आवाज उचलणारी चुंबकं कागदी टेपने झाकायची. त्यांत पूड शिरली तर आवाजाला कायमचं पडसं होतं. मग मान ओलसर फडक्याने पुसून बघायची. निम्म्या वेळा चिकटा पॉलिशचा नसतोच, गिऱ्हाइकाचा असतो. घाम, वेफर्स, केसांचं तेल. पुसून निघालं तर तिथेच थांबायचं. नाही निघालं तर अगदी बारीक पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेघांच्या दिशेने. आणि शेवटचा हात भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा. नवा चालत नाही, ओरखडे काढतो. तो आधी घरच्या कढयांवर झिजवून नरम करायचा आणि मग दुकानात आणायचा. हे बघून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. महागाची गिटार आणि ही बाई तिला मोरीतल्यासारखी घासतेय! पण चकाकी जाऊन मान रेशमासारखी लागते, हात पळायला लागतो. मग म्हणतात, "मिस्त्रींना थँक्यू सांगा."

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. माणूस ज्या धंद्यात मुरलेला असतो त्या धंद्याचं औषध तो जगातल्या सगळ्या दुखण्यांना लावतो. वरळी कोळीवाड्यातलं जनार्दन नावाचं एक गिऱ्हाईक होतं. भला माणूस. सकाळी होडी, संध्याकाळी हळदीच्या कार्यक्रमांत गिटार. खाऱ्या हवेने गिटारचं पॉलिश उडायला लागलं, तेव्हा त्याने काय करावं? होडीला मारायचा रंग उरलेला होता, तो गिटारला मारला. मानेसकट. मधाच्या बरणीत हात घालावा तशी गत झाली. मी कपाळाला हात लावला तर तो म्हणाला, "ताई, होडी वर्षभर दर्यात असते, तिला काय नाय होत. ही तर घरात असते!"  रंग खरवडून काढायला मला फार त्रास झाला. आणि वर तो म्हणतो, "थोडा निळा राहिला तर राहू द्या, होडीचा मॅचिंग होईल." मी थोडा निळा राहू दिला. अजून आहे.

पण सांगायचं आहे ते तन्वीच्या गिटारबद्दल.

तन्वी परब ही लालबागच्या चाळीतली मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा तिने माझ्या मागे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं आणि गिटार सरळ माझ्या मांडीवर ठेवली. तिथेच ती मला आवडली.

"ताई, अंगठा अडकतो. क्लासचे सर म्हणतात तू स्लो आहेस. मी स्लो नाहीये, ही चिकट आहे."

असं सगळेच म्हणतात. वाजवता न येणारा प्रत्येकजण आधी गिटारला दोष देतो. पण मी मानेवरून अंगठा फिरवला तर पोरगी खरं बोलत होती. गिटार जुन्या बाजारातली, आधीच्या मालकाने चकचकीत ठेवलेली. मी नेहमीचं काम केलं. दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या पायरीवर बसून वाजवून पाहिली. अंगठा वरखाली, वरखाली, मग डोळे मिटून एकदा. वाजवून बघितल्याशिवाय ती गिटार नेत नसे, ही तिची शिस्त. "कसला पळतोय हात! ताई, तुम्ही जादूगार आहात." मिस्त्री नव्हे, मी. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःसाठी गजरा घेतला.

तेव्हाच तिने सगळं सांगितलं. तिचे वडील मिलमध्ये साचा खात्यात जॉबर. साचे म्हणजे कापड विणायची यंत्रं, ती चालू ठेवायची जबाबदारी जॉबरची. मिल बंद पडली, तिच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला आणि त्याच टॉवरात तन्वीला नोकरी लागली. वडिलांना वाटलं, गेलेलं परत मिळालं. आणि पोरीने ती नोकरी गिटारसाठी सोडली! घरात महाभारत झालं. शेवटी तह असा झाला की दादरचा एक बँड नवीन गिटारवाला शोधतोय, तिथे तिने ट्रायल द्यायची. त्यांनी घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर गिटार विकायची आणि मामाने बघून ठेवलेल्या इन्शुरन्सच्या ऑफिसात मुकाट्याने जायचं.

"आणि वडील? अजून चिडलेत?"

"बाबा बोलतच नाहीत ह्या विषयावर. मी वाजवायला बसले रे बसले की समोर टीव्ही लावून बसतात. मुद्दाम. मी हेडफोन घालते ताई, माझं मला ऐकू येतं. त्यांना त्यांची सिरियल लखलाभ."

दोनेक आठवड्यांनी ती परत आली. मान चिकट.

मला राग आला. माझ्या कामाला परत यायची सवय नाही. मी तिला प्रश्न विचारून हैराण केलं. डोक्याला तेल कुठलं लावतेस? वाजवताना फरसाण खातेस? हाताला क्रीम? कुठल्या मित्राने हाताळली? ती बिचारी सगळ्याला नाही म्हणत होती. "उलट ताई, मध्ये हात इतका छान पळत होता की घामाने घसरायचा. तेवढंच काय ते. मग एक दिवस बघते तर परत चिकट." मी मनात म्हटलं, ऑक्टोबर हीट. जुनं पॉलिश आतून घाम सोडतं कधीकधी. मी यावेळी जास्त मन लावून घासली. दुकानात तेव्हा एका पेटीला लाखेचं पॉलिश चाललेलं, सगळा गाळा त्या वासाने भरलेला. नाक असून उपयोग नव्हता.

ट्रायलच्या आदल्या दिवशी सकाळी ती तिसऱ्यांदा आली. चेहरा उतरलेला. गिटार माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "राहू द्या ताई. बहुतेक विकायचीच आहे ती."

मी अंगठा लावला. आधीच्यापेक्षा जास्त चिकट होती. आणि मानेच्या कडेला, पट्ट्यांच्या टोकांशी, मधाच्या रंगाची बारीक पूड अडकलेली. नखाने काढली, दोन बोटांत चोळून गरम केली आणि हुंगली. राळ! सारंगीवाले गजाला लावतात ती राळ. आमच्या दुकानात पूर्वी सारंग्याही यायच्या, हा वास मी झोपेत ओळखेन. राळ पॉलिशमधून घामासारखी पाझरत नाही. ती कोणीतरी आणून, हाताने, नेटाने चोळावी लागते.

"तुझ्या घरी राळ आहे?"

"राळ म्हणजे काय?" तन्वी म्हणाली.

म्हणजे घातपात. माझं डोकं भराभर चालायला लागलं. तिच्यावर जळणारा कोणीतरी असणार, बँडमध्ये दुसऱ्या कोणाला घुसवायचं असणार. रात्रीच्या सगळ्या मालिका मी बघते, मला ह्या गोष्टी लगेच कळतात. तन्वीला काही बोलले नाही. ट्रायलच्या आधी गाणी ठरवायला बँडच्या लोकांनी तिला दादरला बोलावलं होतं. मी म्हटलं, "तू जा. गिटार मी स्वतः घरी पोचवते." मला तो हात पकडायचा होता.

दुपारभर मी स्पिरिटच्या फडक्याने राळ काढली. स्पिरिट जपून वापरावं लागतं, जास्त झालं तर पॉलिशही बरोबर घेऊन जातं. मग जुना स्क्रबर, मग मेणाचा हलका हात. संध्याकाळी गिटार खांद्यावर टाकून लालबागला गेले. चाळीचे जिने चढताना गुडघ्यांनी माझा उद्धार केला.

दार उघडंच होतं. आत परबकाका एकटेच होते. सत्तरीचे, बनियन आणि लेंगा, अंगाने काटक. काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. समोर टीव्ही चालू होता. त्यात एक बाई धाय मोकलून रडत होती, पण आवाज नव्हता.

"टीव्ही बिघडलाय का?" मी विचारलं.

त्यांनी चोरी पकडल्यासारखा रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. "नाय नाय. असोच." मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "दुकानातून इलास? बसा. मिस्त्री स्वतः नाय इलो?"

जिभेला वळण पडलेलं. "जेवायला गेलेत," मी म्हटलं.

त्यांनी गिटार माझ्याकडून घेतली. घेतली ती चोराच्या हातून नव्हे, दवाखान्यातून घरी आलेलं मूल घ्यावं तशी. पिशवीची चेन उघडली, मानेवरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"परत केल्यान गुळगुळीत! तुमच्या त्या मिस्त्रीक जाऊन सांगा, जरा अक्कल वापर म्हणान. मी करतंय आणि तो घासून काढता. मी करतंय आणि तो घासून काढता. कसलो मिस्त्री तो?"

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण मी त्यांना बोलू दिलं. माणूस मिस्त्रीबद्दल काय बोलतो हे ऐकायची संधी मला एरवी कौतुकाच्या वेळीच मिळते.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

परबकाका उठले, देवाच्या फळीमागून एक पत्र्याची डबी काढली. जुनी, बामाची असावी. झाकण उघडताच तोच वास आला. आत राळेचे खडे आणि थोडी पूड.

"पोरीचो हात घसरता," ते हळू आवाजात म्हणाले. "ता गाणा आसा ना, तिचा नेहमीचा? पयल्या दोन वेळेक बरोबर जाता. तिसऱ्या वेळेक वर जाताना हात घसरता. मगे स्वतःवरच चिडता, परत पयल्यापासून. रोज."

 इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता, हेडफोन लावून वाजवली तर बाहेर जेमतेम तारांची कुरकुर ऐकू येते. ती ऐकायची तर खोलीत दुसरा आवाज असून चालत नाही; पोरगी घरात नसतानाही टीव्ही मुका ठेवायची सवय त्यांना त्यातूनच लागली असणार. त्या कुरकुरीतून ह्या माणसाने तिसरी वेळ ओळखली होती.

"मिलमध्ये पट्टे असत," ते सांगू लागले. "वर शाफ्ट फिरता, त्याच्यावरून चामड्याचो पट्टो खाली साच्यार. पट्टो घसराक लागलो की राळ लावायची. मगे धरून रवता. आयुष्यभर ह्याच केलंय. घसरणाऱ्याक राळ, दुसरा औषध नाय." त्यांनी डबी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने गिटारची मान धरली. तेव्हा मला दिसलं. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. "त्या दिवशी खात्यात राळ नव्हती. पट्टो घसरलो, चालत्या चाकार हाताने चढवूक गेलंय."  मग दोन बोटांच्या चिमटीत पूड घेतली आणि मी दुपारभर घासलेल्या त्या मानेवर टाकून चोळायला सुरुवात केली.

"थांबा!" मी अशी ओरडले की शेजारची बाई दारात डोकावून गेली. "अख्खी दुपार घालवलीय मी त्यावर!"

परबकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मागे दार होतं.

"मिस्त्री तू?"

"मीच."

ते विचारात पडले. "मगे जेवाक कोण गेलो?"

मला हसू आलं आणि ते आवरेना. पण त्यांना हसायचं नव्हतं. कामाचा वाद कामाने मिटवायचा अशा पिढीतले ते. "तू मिस्त्री तर सांग," म्हणाले. "घसरणारी वस्तू गुळगुळीत करतस ती कसली अक्कल?"

आता हवा, घाम, पॉलिश हे सगळं मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं नसतं. मीही एका जॉबरला लाकडाचं शास्त्र सांगायला गेले नाही. मी विचारलं, "काका, साच्यावर धोटा पळायचा ना, इकडून तिकडे, सूत घेऊन?"

"पळायचो म्हणजे? डोळ्याक दिसायचो नाय."

"त्याच्या वाटेवर कधी राळ लावलीत?"

"धोट्याच्या वाटेर?" ते जवळजवळ खेकसले. "येडी झालस काय? धोटो अडाकलो तर सगळा कापड..."

आणि तिथे थांबले.

त्यांनी मानेकडे पाहिलं. आपला अंगठा राळ लागलेल्या जागी ठेवला आणि सरकवून पाहिला. अडकला. मग वरच्या कोऱ्या भागावर ठेवला. सरकन गेला. परत खाली, परत वर. मला तन्वीची दुकानाच्या पायरीवरची सवय आठवली. अगदी तसाच अंगठा वरखाली, तसेच डोळे मिटलेले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "मीच पोरीचो हात धरून ठेवलंय."

त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. मी आले होते घातपाती पकडायला आणि तो सापडला होता. आता त्याला घेऊन कुठे जायचं ते मला समजेना. शेवटी मी पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "पुसा तुम्हीच. थेंबभरच घ्या, आणि रेघेच्या दिशेने."

त्यांनी पुसली. काय सुंदर पुसली! इतक्या वर्षांनी यंत्राला हात लागला होता. कडा, कोपरे, पट्ट्यांची टोकं, काही सोडलं नाही. मी इतकी दुकानं पाहिली, असा हात थोड्याच ठिकाणी दिसला. पुसता पुसता त्यांनी मान वर न करता विचारलं, "बरा वाजवता काय गो ती? मी आपलो नुसतो ऐकतंय. माका त्यातला काय कळता?"

"बरं वाजवते," मी म्हटलं. "घामाने हात घसरतो, तेवढं वाजवण्याआधी हात धुवून पुसायला सांगा."

"मी नाय सांगूचंय. तू सांग. आणि ह्या राळेचा तिका काय बोला नको. उगाच..." पुढचं वाक्य त्यांनी फडक्यात गुंडाळलं. मी शब्द दिला. काकू भाजी घेऊन वर आल्या, त्यांनी चहा टाकला. परबकाकांनी माझी ओळख करून दिली, "हे मिस्त्री." सासऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

ट्रायल झाली. दोन दिवसांनी तन्वी उड्या मारत दुकानात आली. घेतलं होतं! "ताई, हात नुसता पळत होता. पण तिसऱ्या वेळी वर जाताना घसरलाच. तिथेच! मी म्हटलं, संपलं. तर बँडवाले सर म्हणाले, वा, ती सरकवलेली जागा काय घेतलीस, तेवढी कायम ठेव." म्हणजे सासऱ्यांनी शिकवलेलं माझं पॉलिश आणि परबकाकांची राळ, दोघांचंही काम बिनकामाचं ठरलं. पोरीला नोकरी तिच्या चुकीने लावली.

त्यानंतर तिचे दौरे सुरू झाले. मध्ये एकदा नाशिकहून की कोल्हापूरहून आली तेव्हा गिटार नेहमीच्या साफसफाईला माझ्याकडे दिली. मान उत्तम होती, कुठे चिकटा नाही. तारा बदलताना मी पिशवीचा छोटा कप्पा उघडला. आत पत्र्याची डबी होती, बामाची. वासाला झाकण उघडायचीही गरज नव्हती.

"हे काय गं?"

"ते होय? बाबांचं आहे ते. मी निघाले तर हातात दिली, म्हणाले असू दे सोबत, उघडू नको, कुठे लावूबिवू नको, नुसती असू दे." तिने खांदे उडवले. "काय आहे त्यात? औषध आहे का? मला वाटलं देवाची उदी असेल. बाबांचं काही कळत नाही ताई. आता कार्यक्रमांना जाते त्याला काही बोलत नाहीत, पण घरी वाजवायला बसले की अजून टीव्ही लावतात. गिटार आवडतच नाही त्यांना."

मी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मी पाळते. राळेचं मी काही बोलले नाही. तारेचं टोक कापलं, डबी होती तशी कप्प्यात ठेवली, चेन लावली.

"तन्वी," मी म्हटलं, "बाबांच्या टीव्हीचा आवाज तू कधी ऐकलायस?"

"मी कुठे ऐकणार? माझ्या कानाला हेडफोन असतात."

"आज एकदा काढून बघ."

ती हसायला लागली. मग हसणं हळूहळू थांबलं. तिने त्या कप्प्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि यावेळी पहिल्यांदाच माझ्या मागेही पाहिलं, जणू तिथे कोणी उभं असेल. मग गिटार उचलली, खांद्याला लावली आणि लालबागच्या दिशेने चालायला लागली. पायरीवर बसली नाही, अंगठा फिरवला नाही, मान तपासली नाही.

माझं काम वाजवून न बघता तिने नेलं ते त्या एकाच दिवशी.